दादाच्या गाडीला बूस्टर

माझा थोरला भाऊ गाडीवरून उतरला तो उजव्या गुडघ्यापायी. चाळीस वर्षं ज्या पायानं ब्रेक दाबला, नेमका तोच पाय गेला. ऑपरेशन झालं, नवा सांधा बसला, आणि डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जिने सावकाश चढा, पण ह्या पायावर जोर घ्यायचा नाही. दादानं विचारलं, "आणि ट्रक?" डॉक्टरांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. ते म्हणाले, "आजोबा, आता ट्रक नातवाला खेळायला आणा." मी शेजारीच उभा होतो. डोकं असं सणकलं की बस, पण डॉक्टरला काय बोलणार? त्यानंतर जवळजवळ वर्षभर दादा फारसं काही बोललाच नाही.

आमची दोन घरं आणि माझं गॅरेज एकाच आवारात आहे, आडगाव नाक्याच्या अलीकडं. मधल्या मोकळ्या जागेत आमच्या वडिलांनी देवळालीच्या लिलावातून आणलेला मिलिटरीचा जुना ट्रक उभा असतो. लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा. दादा त्याच्यावरच गाडी शिकला. निफाडची द्राक्षं, घोटीचा तांदूळ, लोकांची वऱ्हाडं, सगळं त्यानं ह्याच ट्रकातून ओढलं. पुढं त्यानं दुसऱ्यांच्या मोठ्या गाड्या चालवल्या, पण जीव ह्याच्यातच. इंजिन जाम होऊन ट्रक सात-आठ वर्षं जागचा हलला नव्हता. ऑपरेशननंतर दादा सकाळी त्याच्यासमोर येऊन बसायचा आणि जेवायला हाक मारली तरच उठायचा.

एक दिवस वहिनी गॅरेजात आल्या. त्या कधी गॅरेजात येत नाहीत, ऑइलचा वास सहन होत नाही त्यांना. पदर नाकाला लावून म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं काहीतरी करा. परवा विचारलं, भाजी काय करू, तर म्हणतात, कर काही पण, मला कुठं चव लागते. माणूस बसल्या जागी संपत चाललाय. तुम्ही येवढे मिस्त्री म्हणवता, जगाच्या गाड्या दुरुस्त करता."

मला राग आला. मी म्हटलं, "वहिनी, गुडघा काय माझ्या गॅरेजात बसवलाय का?" त्या निघून गेल्या आणि मी हातातला पाना भिंतीवर फेकला. मी तसाच आहे, तापट. गिऱ्हाइकांना सवय आहे. पण त्यांचं बोलणं काही डोक्यातून जाईना. गुडघा मला नसता आला दुरुस्त करता, पण गाडी तर आली असती.

डिझेल इंजिन बसवणं हे काही मोठं काम नव्हतं. असली अदलाबदल आम्ही आयुष्यभर केलीय. आरटीओच्या कागदावर ती चढवायचं लचांड वेगळं, ते एजंटच्या गळ्यात घातलं. खरी भानगड ब्रेकची होती. ह्या ट्रकाचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर चालायचा. पेडल असं कडक की नव्या ड्रायव्हरची मांडी भरून यायची. दादाच्या नव्या गुडघ्याला तो दाबणं शक्यच नव्हतं. मग मी मोबाइलवर परदेशातल्या गॅरेजवाल्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. ते बोलतात ते मला निम्मं कळत नाही, पण मी आवाज बंद करून त्यांचे हात बघतो. त्यांनी जुन्या ट्रकांना एक तेलाच्या दाबावर चालणारा बूस्टर बसवला होता. पेडल आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर ह्यांच्या मध्ये तो बसतो. इंजिन चालू असलं की पॉवर स्टिअरिंगचा पंप त्यात तेल दाबतो, आणि पायानं नुसती खूण करायची, बाकीचा जोर तेल लावतं. इंजिन बंद पडलं तर काय, त्याच्यासाठी एक छोटा डबा असतो, त्यात दोन-तीन वेळा ब्रेक लागेल इतका दाब साठलेला असतो. तेवढा संपला की पुन्हा पेडल दगड.

वस्तू मिळाली मालेगावात. तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारात माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत. मी फोटो दाखवला, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मिस्त्री, ये तो तुटलेल्या बसगाड्यांच्या ढिगात पडेला है. कोई पूछताच नाय." इंजिनही त्यांच्याच ओळखीनं मिळालं, पंपासकट. दादाला मी काही सांगितलं नव्हतं. टेम्पोतून इंजिन उतरताना त्यानं पाहिलं. उठला, लंगडत आला, इंजिनभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "कोणाच्या गाडीला?"

"तुझ्या."

तो पुन्हा जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी वहिनींनी सांगितलं की भाजीत मीठ कमी आहे म्हणून ते ओरडले, आणि त्या सांगताना चक्क हसत होत्या.

काम दोन महिने चाललं. दादा रोज सकाळी माझ्या आधी हजर. मी चासीखाली आणि तो वरून सूचना देणार. "ब्रॅकेट जाड घाल." "पाइप तिथून नको नेऊ, सायलेन्सरनं भाजंल." मी खालून ओरडायचो, "तू मिस्त्री की मी?" तो म्हणायचा, "तू मिस्त्री, पण मरणार मी हाय." असं आमचं चालायचं. बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू.

बूस्टरनं मला बराच छळला. जुन्या पेडलचा दांडा एक बोट आखूड पडला, तो सातपूरच्या लेथवाल्याकडून नवा करून आणला. मग तेल परत टाकीत नेणाऱ्या दोन पाइपा मी एकत्र जोडल्या, एकच नळी टाकीत सोडली. दिसायला सुबक. पण इंजिन चालू केलं की पेडलला पाय न लावता ब्रेक आपोआप धरायला लागले. तीन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं की एका नळीतून दोन्हींचं तेल परत जाताना तुंबतं आणि ते तुंबलेलं तेल बूस्टरलाच ढकलतं. टाकीला दुसरं तोंड वेल्ड केलं, नळ्या वेगळ्या केल्या, ब्रेकची हवा काढली, आणि मग दादाला वर बसवला.

इंजिन चालू. दादानं पेडलवर पाय ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, आणि पेडल खाली गेलं. त्यानं पाय काढला, परत ठेवला. असं पाच-सहा वेळा केलं. मग तो दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला आणि मी उगाच बॉनेट पुसायला लागलो. दोघांचेही डोळे भरले होते आणि दोघांनाही एकमेकाला ते दाखवायचं नव्हतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. डिझेल इंजिन बंद करायला एक नॉब ओढावा लागतो. तो कुठं बसवू, असं मी विचारलं. दादा म्हणाला, "जुना स्विच होता तिथंच बसव, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. हाताला सवय हाय." मीही बसवला. भावाच्या हाताला सोपं जावं, एवढंच माझ्या मनात.

त्या हाताला दुसरी कसली सवय आहे, ते मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आमच्याकडची जुन्या काळची ड्रायव्हर मंडळी उतार लागला की गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायची. उतार म्हणजे देवानं दिलेलं फुकटचं पेट्रोल, असं वडील म्हणायचे. दादा त्यांच्याच हाताखाली शिकला. जुन्या ब्रेकला इंजिन बंद असल्यानं काही फरक पडत नव्हता, तो पायावर चालायचा. पण नव्या ब्रेकचा जीव इंजिनात होता. म्हणून मी दादाला दहा वेळा सांगितलं, "उतारावर इंजिन बंद केलंस तर ब्रेक गेला." तो म्हणायचा, "कळतंय रे, मी काय कुक्कुलं बाळ हाय?" त्यानं स्वतः पेंटरला बोलावून डॅशबोर्डवर लाल अक्षरात लिहून घेतलं, उतारावर इंजिन बंद करू नये. गाडी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ते वाचून दाखवायचा आणि का ते समजावून सांगायचा. माझ्यापेक्षा चांगलं सांगायचा. म्हणून मी निर्धास्त राहिलो.

आवारात, मग नाक्यापर्यंत, मग ओझरपर्यंत अशी गाडी फिरवून झाली. पण दादाचं समाधान होईना. घाट उतरल्याशिवाय ब्रेकवर विश्वास ठेवू नये, असा ड्रायव्हर लोकांचा नियम. तो म्हणाला, "सपाटीवर कोणी पण चालवंल. चांदवडच्या पुढचा घाट उतरू, मालेगावच्या चाचाला गाडी दाखवू आणि मागं फिरू." घाट पास झाला की निफाडला मुलीकडं जायचं आणि तिच्या सासरच्या बागेतली द्राक्षांची कॅरेट भरून आणायची, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. मुलीला फोनही करून झाला होता.

सकाळी निघालो. गाडी रिकामी, मी डाव्या सीटवर. चांदवडपर्यंत दादा अशी गाडी चालवत होता की बघत राहावं. गिअर कधी बदलला ते कळू नये. बोलतही होता, वर्षभराचं साठलेलं. घाट सुरू झाला. पुढं अंतरावर एक कंटेनर हळूहळू उतरत होता. दादा मला कुठल्यातरी जुन्या लग्नाची गोष्ट सांगत होता, वरमाय कशी चुकून दुसऱ्याच गाडीत बसली त्याची. सांगता सांगता त्याचा डावा हात गिअरवर गेला, गाडी न्यूट्रल झाली, आणि तोच हात तसाच पुढं गेला आणि नॉब ओढून मागं आला. गोष्ट चालूच होती.

इंजिन बंद झालं. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला.

मला ओरडता आलं नाही. दादानं कंटेनर जवळ आला म्हणून ब्रेकवर पाय ठेवला. पहिल्यांदा लागला. दुसऱ्यांदा अर्धा लागला. तिसऱ्यांदा पेडल कडक झालं. मालेगावहून आणलेला जुना माल, डब्यात दाब तो किती राहणार. दादानं पाय दाबला आणि गुडघ्यातल्या कळेनं तो विव्हळला. मग त्यानं उजव्या पायावर डावा पाय ठेवून दोन्ही पायांनी दाबलं. गाडी वेग घेत होती. मी आयुष्यभर ब्रेक दुरुस्त करणारा माणूस, सगळं माझ्या हातानं जोडलेलं, आणि मी त्या सीटवर बसून कंटेनरचे मागचे दिवे मोठे होताना बघत होतो. दुसरं काही करता येत नव्हतं मला त्या वेळी.

मग माझे हात हलले. मी नॉब आत ढकलला आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढून धरला. जळका वास सुटला, वेग थोडा तुटला. दादानं पेडलवरचा डावा पाय उचलून क्लच दाबला आणि गिअर अक्षरशः फोडून तिसऱ्यात घातला. असा आवाज आला की माझ्या दातात कळ गेली. क्लच सुटला, गाडीला हिसका बसला, इंजिन धडधडून चालू झालं. पेडल मऊ पडलं. कंटेनर हातभर अंतरावर असेल, जास्त नाही. दादानं सावकाश गाडी कडेला घेतली, उभी केली आणि कपाळ पुसलं.

"बंद कसं पडलं रे हे?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं थट्टा करतोय, किंवा लाज झाकतोय. त्याच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. तो खरंच विचारत होता.

"दादा, तू नॉब ओढलास."

"मी?" तो हसला. "येडा हाय का तू. हे काय समोर लिहिलंय. मी कशाला ओढीन?"

मी पुन्हा तोंड उघडलं, पण त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की मी गप्प बसलो. ऑपरेशन झाल्यापासून मी त्याला तसा पाहिला नव्हता. घाटाखालच्या टपरीवर त्यानं चहावाल्याला सगळं सांगितलं. भावानं डिझेल इंजिन बसवलं, ऐन घाटात ते बंद पडलं, ब्रेक गेला, आणि आपण गिअरमध्ये गाडी कशी पकडली. "मी होतो म्हणून," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. दुसरा कोणी असता तर आम्ही कंटेनरमध्ये गेलो असतो. पण दुसरा कोणी असता तर नॉबही ओढला नसता. मालेगावला न जाता आम्ही मागं फिरलो. येताना चढ होता आणि चांदवडपासून मी ठाण मांडून नॉबवर हात ठेवून बसलो.

घरी दादानं वहिनींनाही तेच सांगितलं. वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, नीट बघून बसवायचं ना." मी म्हटलं, "चुकलं वहिनी." कोणी माझ्या कामाला नाव ठेवलेलं मला खपत नाही, एका गिऱ्हाइकाला तेवढ्यासाठी मी हाकलून दिलं होतं. त्या दिवशी गिळलं.

नॉब हलवायला कितीसा वेळ लागतो? मी तो काढून सीटच्या उजव्या अंगाला खाली बसवला आणि जुन्या जागेच्या भोकावर पत्र्याची चकती मारली. दादाला सांगितलं, वायर घासत होती म्हणून जागा बदलली. मग त्याला गाडी काढायला लावली आणि नाक्यावरच्या उड्डाणपुलावर चढवायला सांगितलं. रस्ता मोकळा होता, माझा हात हँडब्रेकवर होता. पुलावरून उतरताना दादा निफाडबद्दल बोलत होता, द्राक्षाला यंदा साखर चांगली भरलीय म्हणून. त्याचा डावा हात गिअरवरून पुढं गेला. दोन बोटं त्या चकतीवर गेली, तिथं नसलेला नॉब त्यांनी धरला, ओढला आणि हात परत गिअरवर आला.

"काय करतोयस दादा?"

"कुठं काय? गाडी चालवतोय."

जित्याची खोड म्हणतात, त्याच्या पुढचं मला म्हणवत नाही. चार-आठ दिवसांत त्या हाताला नॉबची नवी जागा सापडली असती. तिला कुलूप घातलं असतं तर त्यानं दुसरं काही शोधलं असतं. हात काय करतो हे त्या हाताच्या मालकालाच ठाऊक नाही, ह्याला मी कुठला पाना लावू? त्याला पटवून सांगावं तर पहिली गोष्ट ही की तो मानणार नाही. आणि मानलं, तर आपल्या हातावर आपला भरवसा राहिला नाही, हे घेऊन तो जाणार कुठं? आणि इंजिनाचा दोष म्हणावं तर तो म्हणतो, कर दुरुस्त, मुलगी वाट बघतीय. रोज सकाळी यायचा आणि विचारायचा, "सापडलं का?"

मी आठवडाभर खोटंखोटं इंजिन उघडत राहिलो. डिझेलचा पंप काढला, पुसला, लावला. फिल्टर बदलला. तो बाजूला उभा राहून पाने हातात देत होता, गुडघा दुखत असून. शेवटी एका सकाळी मी बॉनेट खाली टाकलं.

"दादा, नाय सापडत."

"बघ अजून."

"सगळं बघितलं. घाटात परत बंद पडणार नाही ह्याची मी हमी देऊ शकत नाही. माझ्याच्यानं हे काम होणार नाही."

चाळीस वर्षांच्या माझ्या मिस्त्रीपणात हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. वाटलं आता तो भडकेल, म्हणेल, मग दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू. त्याचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं. तो भडकला नाही. मग माझ्या हातातला पाना त्यानं काढून घेतला आणि फडक्यानं पुसून पेटीत ठेवला.

"वय झालं रे तुझं," तो म्हणाला. "आधीच सांगायचंस ना. मी कशाला मागं लागलो असतो तुझ्या?"

मी म्हटलं, "हो दादा. नाय जमत आता."

त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तोच डावा. मग घराच्या दाराशी जाऊन वहिनींना हाक मारली आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात सांगितलं, "त्याला चहा दे. आणि गाडीचं कोणी काही विचारू नका त्याला. खचलाय तो."